जुन्या व्हॅनचा ताप

वैशाखातील दुपार. नागपूरहून उमरेडकडे जाणारा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला असतो. कुही फाट्याजवळ एखाद्या निंबाच्या सावलीत एक जुनी मारुती व्हॅन उभी दिसते. पुढच्या आसनावरील माणसे खाली उतरली आहेत, आसन वर उचललेले आहे, त्याखालून वाफेचा लोट निघत आहे आणि चालक पाण्याची बाटली हातात घेऊन विचारात पडला आहे. गाडीत कोणी अंभोऱ्याच्या चैतन्येश्वराचे दर्शन घेऊन परतणारे कुटुंब असेल, कोणी मांढळच्या बाजारातून निघालेला व्यापारी असेल, किंवा नागपूरच्या रुग्णालयाची वेळ गाठावयास निघालेला रोगीही असेल. शेजारून जाणारा एखादा सायकलस्वार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "ऊनच असं तापून राहिलं, गाडी तरी काय करणार!"

हा समज सार्वत्रिक आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. इंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळते तेव्हा तेथील वायूंचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जाते. त्या भट्टीपुढे बाहेरच्या उन्हाची मातब्बरी ती किती? पेट्रोलमधील शक्तीपैकी ढोबळ मानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. तितकाच किंवा त्याहून अधिक भाग धुराबरोबर निघून जातो, आणि जवळजवळ एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. ही उष्णता पौषातही असते आणि वैशाखातही असते. इंजिन तापते ते उष्णता निर्माण झाल्यामुळे नव्हे, तर ती बाहेर पडण्याची वाट अडल्यामुळे.

मग उन्हाळ्यातच गाड्या का बंद पडतात? त्याचे गणित सोपे आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे त्यातील पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हे अंतर ७० अंशांचे होते. मे २०१३ मध्ये नागपुरास ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवशी हेच अंतर ४७ अंशांवर येते. म्हणजे तोच रेडिएटर आपल्या हिवाळ्यातील शक्तीच्या दोन तृतीयांशावर काम करतो. ज्या गाडीची सर्व अंगे निकोप आहेत तिला ही तूट सोसते. ज्या गाडीच्या रेडिएटरच्या चौथा हिस्सा नळ्या आधीच बुजलेल्या आहेत तिला ती सोसत नाही. ऊन रोग निर्माण करीत नाही, तर असलेला रोग उघडकीस आणते.

ही गाडी अद्याप रस्त्यावर का आहे, याचाही येथे विचार केला पाहिजे. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि पुढे 'ओम्नी' या नावाने घरोघर परिचित झाली. ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन नळकांड्यांचे तिचे इंजिन पुढील आसनांच्या खाली बसविलेले असते. शाळकरी मुलांची ने-आण, रुग्णवाहिका, किराणा मालाची वाहतूक, देवदर्शन, अशी नानाविध कामे तिने पत्करली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नागपूर ते नागभीड ही कुहीवरून जाणारी लहान मार्गाची आगगाडीही त्याच वर्षी, मार्ग रुंद करण्याच्या कामासाठी, बंद करण्यात आली. ज्या भागात नोकरी, शिक्षण आणि औषधोपचार यांसाठी नागपूरचाच रस्ता धरावा लागतो, तेथे अशी जुनी व्हॅन ही हौसेची वस्तू नसते. तिच्यावर एका घराची चूल पेटत असते आणि दहा घरांच्या अडचणी भागत असतात. म्हणून तिच्या तापाचा विचार केवळ यंत्रप्रेमी लोकांपुरता नाही.

आता उष्णतेच्या वाटेचा नकाशा पाहू. इंजिनाला चिकटून असलेला वॉटर पंप पट्ट्याच्या साह्याने फिरतो आणि पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून खेळवितो. तापलेले पाणी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेपाशी येते. पाणी गार असेतोवर ही झडप मिटलेली असते. सुमारे ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ती उघडू लागते. तेथून पाणी पुढच्या बाजूस असलेल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत शिरते. नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा जातो, पाणी गार होते आणि परत इंजिनाकडे येते. वेगाने जाताना हा वारा आपोआप मिळतो; गाडी थांबली की विजेचा पंखा तो पुरवितो.

या व्यवस्थेत दोन गोष्टी अशा आहेत की ज्या प्रत्येक घरात परिचयाच्या आहेत. पहिली म्हणजे प्रेशर कुकर. रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या झाकणासारखेच दाब राखून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते. झाकणाने सुमारे ०.९ किलोचा दाब धरला तर तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या आतील रबर झिजले किंवा स्प्रिंग सैल झाली की ही अठरा अंशांची सवलत नाहीशी होते. किमतीने क्षुल्लक असलेला हा भाग पुष्कळदा साऱ्या अनर्थाचे मूळ असतो, आणि नेमका तोच वर्षानुवर्षे कोणी बदलीत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे वऱ्हाड-नागपुराकडील घराघरांतील कूलर. वाळ्याच्या पडद्यांवर धूळ आणि क्षार साचले म्हणजे पंखा कितीही गरगरला तरी खोली गार होत नाही. रेडिएटरचेही तसेच आहे. कुहीच्या आसपास शेतातली माती, रस्त्यावरील धूळ, गवताचे तूस आणि किडे त्याच्या जाळीत जाऊन बसतात. शिवाय पुष्कळ गाडीवाले पुढच्या बाजूस जादा दिवे, लोखंडी कठडा, देवस्थानाच्या पाट्या आणि शोभेच्या जाळ्या बसवितात. वाऱ्याच्या तोंडावर असा पडदा ओढून मग गाडी तापते म्हणून तक्रार करणे, हे खिडकी लावून घेऊन कूलरला दोष देण्यासारखेच होय.

येथे थोडा इतिहास उपयोगी पडेल. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपली तीनचाकी मोटार रस्त्यावर आणली तेव्हा तिचे पाणी वाफ होऊन उडून जात असे व पुनःपुन्हा भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. १९०१ च्या मर्सिडीझ गाडीवरील अशा रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक नळ्या होत्या. तेच ते पाणी पुनःपुन्हा गार करून वापरावयाचे, ही कल्पना त्यायोगे व्यवहारात स्थिर झाली. याचा अर्थ असा की नीट असलेल्या गाडीचे पाणी संपता कामा नये. जो चालक दर दोन दिवसांनी बाटलीभर पाणी ओततो, तो गाडीची सेवा करीत नसून तिचा रोग झाकून ठेवीत असतो. पाणी कोठे जाते हे शोधणे, हाच पहिला उपचार.

रोगाची परीक्षा रस्त्यावरच करता येते. नागपुरात दिघोरीच्या चौकात गर्दीत अडकल्यावर काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यास लागताच उतरतो, तर दोष बहुधा पंख्याकडे किंवा वाऱ्याच्या वाटेकडे आहे. याउलट, गर्दीत गाडी शांत राहते पण उमरेड रस्त्यावर वेग घेताच तापते, तर रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असाव्यात, पंप अशक्त झाला असावा, किंवा खालचा रबरी नळ मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चिकटत असावा. गाडी सुरू केल्यापासून काही मिनिटांतच ताप चढत असेल तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला आहे, आत हवा कोंडली आहे, किंवा त्याहूनही गंभीर म्हणजे हेड गॅस्केट गेले आहे, असा संशय घ्यावा. ही तीन लक्षणे ज्याला ठाऊक आहेत तो गॅरेजात नुसता 'गाडी गरम होते' असे सांगत नाही. कोठे आणि केव्हा होते हेही सांगतो, आणि तेथेच मिस्त्रीचे अर्धे काम होते.

थर्मोस्टॅटविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'आपल्या उन्हाळ्यात याची गरज काय' असे म्हणून तो काढून टाकण्याची रीत जुनी आहे. परंतु काही इंजिनांत ही झडप उघडताना आडवाटेचे तोंडही बंद करीत असते. ती काढली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो आणि उपाय अपाय होऊन बसतो. जेथे असे होत नाही तेथेही इंजिन हिवाळ्यात आणि सकाळच्या वेळी योग्य उष्णतेस पोचत नाही, पेट्रोल अधिक खाते व लवकर झिजते. झडप तपासावयाची असेल तर ती पातेल्यातील पाण्यात सोडून, पाणी तापवीत, तापमापक धरून केव्हा उघडते ते पाहावे. उघडली नाही तर नवी बसवावी; पण जागा रिकामी ठेवू नये.

पाण्याचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर धरते. हा थर उष्णतेला धातूच्या मानाने फारच कमी वाट देतो. शिवाय तो नळीचे तोंडही अरुंद करतो. म्हणून क्षारमुक्त पाणी आणि कूलंट यांचे मिश्रणच वापरावे. निम्मे पाणी व निम्मे कूलंट हे प्रमाण सामान्यतः योग्य होय. त्यामुळे गंज व थर आवरतो, आणि दाबाखाली उकळण्याची मर्यादा १२५ अंशांच्याही वर जाते. मात्र कूलंट अधिक घातले म्हणजे गाडी अधिक गार राहते हे खरे नाही. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारे दुसरे द्रव थोडेच. निम्म्या मिश्रणाची ती शक्ती शुद्ध पाण्याहून कमीच असते. आणखी एक सूचना गृहिणींनी अवश्य ध्यानात ठेवावी. कूलंटमधील ग्लायकॉल चवीस गोडसर पण विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात अंगणात ठेवू नये. मुले व जनावरे यांच्या जिवास त्यापासून धोका आहे.

इतके झाल्यावर सुधारणांचा विचार करावा, त्याआधी नव्हे. रोगट अंगावर नवा अलंकार चढविल्याने प्रकृती सुधारत नाही. प्रथम रेडिएटर काढून बाहेरून हलक्या धारेने, मागून पुढे, धुवावा व आतून उलट्या दिशेने पाणी सोडून स्वच्छ करावा. तापमान लांबूनच सांगणारे एक छोटे उपकरण आजकाल मिळते. इंजिन तापल्यावर ते रेडिएटरच्या जाळीवरून फिरविले असता जेथे पट्टा गार लागेल तेथील नळ्या बुजलेल्या आहेत असे समजावे. असे पट्टे पुष्कळ असतील तर धुण्यात पैसा न घालविता गाभाच बदलून घ्यावा. त्या वेळी नळ्यांच्या दोन ओळींऐवजी तीन ओळींचा गाभा घालता येतो. परंतु जाड गाभ्यातून वारा काढणे कठीण असते, म्हणून त्याच्या जोडीला पंखाही सशक्त हवा.

पंख्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पंख्याभोवती रेडिएटरला घट्ट बसणारे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असावे. कूलरची पेटी फुटलेली असली की पंखा पडद्यातून वारा न ओढता फटीतून ओढतो. आवरण नसलेल्या पंख्याची तीच गत होते. दुसरी, मोठा पंखा जुन्या बारीक तारांवर आणि जुन्या बटनावर लादू नये. त्याला स्वतंत्र जाड तार, रिले आणि फ्यूज द्यावा. नाहीतर गाडी गार करण्याच्या नादात तारा पेटावयाच्या. तिसरी, पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो उलट फिरतो व धावत्या गाडीच्या वाऱ्याशी झुंजतो. गाडी उभी असताना जाळीपुढे कागदाचा तुकडा धरावा. पंखा जाळीच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. एका कागदाची ही परीक्षा आहे, पण ती करणारे थोडेच.

शेवटची सुधारणा ही सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाची होय. जुन्या गाडीतील काटा बहुधा अंश सांगत नाही आणि पुष्कळदा मेलेलाही असतो. त्याजागी आकडे दाखविणारा तापदर्शक आणि ठराविक मर्यादेनंतर वाजणारी घंटी बसवावी. पाणी पार निघून गेले तर तापदर्शकाचे टोक कोरडे पडते व तो खोटेच समाधान देतो. म्हणून पाण्याची पातळी सांगणारी सूचक घंटीही असल्यास उत्तम. यंत्रावर आंधळा विश्वास मात्र नको. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर चर्चा झाली. पुढे हवामान खात्याने ती नोंद यंत्रातील दोषाची असल्याचे जाहीर केले. वेधशाळेच्या यंत्राची ही कथा, तर गाडीतील काट्याचे काय सांगावे? नवा तापदर्शक एकदा दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहावा. तसेच सर्व सुधारणा एकाच दिवशी करू नयेत. एकेक करावी, त्याच रस्त्याने त्याच वेळी गाडी न्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत. म्हणजे कोणत्या खर्चाचे काय फळ मिळाले हे कळते.

ज्या गाड्या गॅसवर चालतात त्यांच्या मालकांनी एक खूण ओळखावी. द्रवरूप गॅसचे बाष्प करणारी पेटी इंजिनाच्या गरम पाण्यावर तापते. भर उन्हाळ्यात त्या पेटीवर दव किंवा हिम धरलेले दिसले तर पाणी फिरत नाही असे निश्चित समजावे, आणि काटा काहीही म्हणो, गाडी थांबवावी.

इतकी काळजी घेऊनही एखादे वेळी घंटी वाजेल. तेव्हा चालकाने घाबरून जाऊ नये. गाडी बाजूस, सावलीत घ्यावी. माणसे उतरवून घ्यावीत, विशेषतः पुढच्या आसनावरील, कारण इंजिन त्यांच्याच खाली आहे. पाणी शाबूत असेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-चार मिनिटे संथ चालू ठेवल्याने ताप उतरतो. वाफ निघत असेल किंवा पाणी सांडले असेल तर मात्र तत्काळ बंद करावे. मग किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. शिटी न उतरलेला कुकर उघडण्याचे धाडस कोणी शहाणे माणूस करीत नाही. रेडिएटर उघडण्याचे मात्र करते आणि हात, तोंड, प्रसंगी डोळेही भाजून घेते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणेही तितकेच घातक आहे.

त्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि डोके ॲल्युमिनियमचे असते. उष्णतेने ॲल्युमिनियम हे बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेबाहेर तापले की डोके वाकते, मधले गॅस्केट उडते आणि पाणी नळकांड्यात किंवा तेलात उतरते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, मागून पांढरा धूर निघणे, तेलाला दुधाळ रंग चढणे, ही त्याची चिन्हे होत. ही चिन्हे दिसल्यावर मोठा रेडिएटर किंवा दुसरा पंखा बसविणे हा पैशाचा अपव्यय आहे. आधी डोके उतरवून सपाट करून घेतले पाहिजे. दहा मिनिटे थांबण्याचा कंटाळा केल्याने गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडते, आणि त्या पंधरा दिवसांत चालकाच्या घरी काय होते हे त्याचे त्यालाच ठाऊक.

शहरातील कुटुंबांचाही यात वाटा आहे. मुलांना शाळेत नेणारी व्हॅन, सुटीत गावी नेणारी व्हॅन भाड्याने ठरविताना बहुतेक लोक फक्त दराची घासाघीस करतात. त्याऐवजी पाणी केव्हा बदलले, पंखा चालतो का, काटा जिवंत आहे का, असे प्रश्न विचारले तर चालकालाही त्या खर्चाचे महत्त्व पटेल. आठ माणसांच्या गाडीत बारा माणसे आणि टपावर मिरचीची पोती असा आग्रह धरणारेही बहुधा आपणच असतो. आणि प्रत्येक जादा मणाचा भार इंजिनाला उष्णतेच्याच रूपाने फेडावा लागतो. चैत्र लागण्यापूर्वी जो मालक रेडिएटर धुऊन, झाकण बदलून, नळ चाचपून ठेवतो, त्याची वीस वर्षांची व्हॅन वैशाखातही कुही फाट्यावरून न थांबता पुढे जाते, आणि आत बसलेल्या रोग्याला रुग्णालयाची वेळ सापडते.